कुलूप उघडेपर्यंत

आमच्या घरात एक नियम होता. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात झाडू फिरवायचा नाही. माणूस बाहेर पडल्या पडल्या केर काढू नये, एवढं पुष्कळ घरांत पाळतात. पाच-दहा मिनिटं थांबतात आणि कामाला लागतात. आमच्या आईला ती पाच-दहा मिनिटं मान्य नव्हती. माणूस अजून रस्त्यात असताना त्याच्या पायाची माती घराबाहेर लोटायची म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. नियम फक्त घरच्यांसाठी होता. पाहुणा, शेजारी, सोयरा, दूधवाला, यांची पाठ फिरली की लगेच झाडू उचलायला तिला काही अडचण नसायची.

वडील एसटीत कंडक्टर होते आणि त्यांना हा प्रकार मुळीच खपत नसे. आजोबांनी छप्पन्न साली घरातले देव गाठोड्यात बांधले आणि तलावात सोडून दिले, ही आमच्या घराण्यातली मोठी गोष्ट. वडील ती दर चौदा एप्रिलला सांगत आणि शेवटी आईकडे बघून म्हणत, "देव गेले, पण ह्या बाईचा झाडू काही गेला नाही." आई म्हणायची, "झाडू का देव आहे? त्याले कोणी हळदकुंकू लावते का?" पुढच्या वर्षी वडील पुन्हा तेच म्हणायचे.

या भांडणात मी कुणाच्याच बाजूची नव्हते. मला फक्त घाई असायची. माझा स्वभावच तसा. चहा उकळायच्या आत गॅस बंद करणारी मी. घरचं कुणी गोंदियाला गेलं की तासभर, नागपूरला गेलं की संध्याकाळपर्यंत केर तसाच, आणि त्या केरात वाट बघत बसायचं, हे मला सोसत नसे. शिवाय एक बारीकशी अढी होती. माझी शाळा, आधी शिकायची आणि पुढं शिकवायचीही, घरापासून दोन वळणांवर. मी निघायचे आणि परत यायचे तर अंगण लख्ख असायचं. माझ्यासाठी ह्या घरात झाडू कधी थांबलाच नाही, असं मी धरून चालले होते.

दादा १९९९ साली नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा नियमाची पहिली मोठी परीक्षा झाली. गोंदियाहून सुटणारी कोल्हापूरची गाडी त्याला दुसऱ्या दिवशी पुण्यात उतरवायची. धान नुकतंच घरी आलं होतं, दाराशी कोंडा, घरात धूळ, आणि आई पायरीवर हात बांधून बसलेली. शेवटी चौकातल्या एसटीडीवाल्यानं पोरगा पाठवून सांगितलं की दादाचा फोन आला, पोचला म्हणे, तेव्हा कुठे खराटा हलला. मला वाटलं, ह्याहून लांब आता कोण जाणार?

दादा गेला. २००६ साली थेट टोरंटोला.

तो जायच्या आधी मी गोंदियाच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. एक साइट होती, तिच्यात दोन चौकटी. एका चौकटीत एक शहर टाकायचं, दुसरीत दुसरं, की ती दोन्हींमधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगायची. मुंबई ते टोरंटो साडेबारा हजार किलोमीटर, साधारण पंधरा तास. मला ते फार आवडलं. मग मी गोरेगाव ते टोरंटो टाकून बघितलं, तर त्या शहाण्यानं मुंबईचं गोरेगाव काढून दाखवलं. आमचं गोंदियाजवळचं गोरेगाव, धानाच्या बांध्यांमधलं, आठवडी बाजाराचं, त्याच्या गावीही नव्हतं. मी पैसे देऊन उठले आणि परतीच्या एसटीत सगळा वेळ धुसफुसत होते.

घरी आईला सांगितलं, पंधरा तास. तिनं विचारलं, "मग दादा काऊन म्हणते दोन दिवस?" मी समजावलं की ते पंधरा तास पाखरासारखं सरळ उडालं तरचे. त्यात गोरेगाव ते गोंदिया नाही, गोंदिया ते नागपूर नाही, मुंबईत ताटकळणं नाही, मधे विमान बदलणं नाही. आई म्हणाली, "म्हणजे खरं तेच धरलं नाही त्यानं." 

वडिलांनी मात्र माझा हिशेब बाजूला सारला. दादानं तिकिटाची एक प्रत घरी ठेवली होती, ती त्यांनी चष्मा लावून वाचली. आयुष्यभर एसटीचं वेळापत्रक वाचलेला माणूस. मुंबईहून रात्री दोनला निघणार, टोरंटोला त्याच दिवशी दुपारी तीनला पोचणार. स्पष्ट लिहिलेलं. मी त्या दिवशी शाळेत होते. दुपारी तीनचा ठोका पडला तसे वडील आईला म्हणाले, "पोचला तो. तिकिटावर लिहून आहे. झाड आता." आईनं झाडलं. अंगणसुद्धा झाडलं. मी परत आले तेव्हा ती मोकळ्या मनानं तांदूळ निवडत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. उतरलो, सगळं ठीक, पण एक बॅग आली नाही. आईनं विचारलं, कधी उतरलास. तो म्हणाला, इथल्या दुपारी तीनला, म्हणजे तुमच्याकडं मध्यरात्र उलटून गेली होती. आईला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी झाडून राह्यली होती तवा तू हवेतच होता?"

वडिलांनी तिकीट पुन्हा वाचलं. मग चिडून म्हणाले, "दोन गावाच्या घड्याळी वेगळ्या हे लिहाले काय झालं होतं त्याईले?" ती बॅग काही सापडली नाही. तिच्यात आईनं बांधून दिलेले मोहाचे लाडू होते आणि तिनं स्वतः शिवलेली गोधडी होती. बॅगा रोज हरवतात, हे मी तिला दहादा सांगितलं. तिनं माझ्याशी वाद घातला नाही, फक्त नियम आणखी घट्ट केला. आता तिकीट चालणार नव्हतं, विमानतळ चालणार नव्हता. माणूस आपल्या खोलीपाशी गेला, त्यानं कुलूप उघडलं आणि फोन करून तसं सांगितलं, की मगच तो पोचला. तेव्हापासून सुट्टीवर आलेला दादा नागपूरला मित्राकडे गेला तरी आई फोनवर पहिला प्रश्न तोच करायची. कुलूप उघडलं का?

आता माझं. मी एकतीस वर्षांची झाले होते आणि लग्न झालेलं नव्हतं. गोरेगावात दर दोन माणसांमागे एकाला याचं कारण हवं असायचं. त्या सुमारास बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडायला लागली होती. दिवसभर आमच्या डोक्यावर घरघर. आई एकदा मान वर करून म्हणाली, "हे कुठं जाऊन राह्यलं?" वडील म्हणाले, "कुठंच नाही. बिरसीहून उडते न बिरसीलेच उतरते." मला उगाच राग आला आणि मी घरात निघून गेले.

मग निवडणुकीच्या प्रशिक्षणात गोंदियाला तो भेटला. सालेकशाच्या पलीकडच्या एका गावात शिक्षक. मतदान यंत्राचं सील कसं लावायचं यावरून मी साहेबांशी भांडले, तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये एकटाच हसला. मला तो आवडला, हे मी आज सरळ सांगते. तेव्हा चार महिने कुणालाच सांगितलं नाही. वडील नसलेला मुलगा, घरात आई. जातीचा प्रश्न नव्हता, तेही आमच्यातलेच. प्रश्न त्याच्या आईचा होता. मुलगी वयानं मोठी, वर नोकरीवाली, ती घर काय सांभाळणार? दोनदा त्यांनी यायचं ठरवून मोडलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, ह्या खेपेला आई यायला कबूल आहे, पण आता तारीख पुढं ढकलू नका. तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली की ती जंगलातून बाहेर निघत नाही, आणि मग तिचं मनही परत बदलेल.

ते २०१० सालचे एप्रिलचे दिवस. दादा तीन वर्षांनी चौदा एप्रिलसाठी घरी आला होता. मिरवणूक झाली, जेवणं झाली, दादा त्या शिक्षकाशी फोनवर बोलला आणि मला म्हणाला, माणूस बरा आहे, आता तू भांडू नकोस. पाहुणे यायच्या चार-पाच दिवस आधी तो निघाला. मी मनातल्या मनात मोजलं होतं. दोन दिवसांत त्याचं कुलूप उघडेल, मग दोन दिवस घर घासायला मोकळे.

विमान मधे जर्मनीत बदलायचं होतं. तिथून त्याचा फोन आला तो हाच, की अडकलो. युरोपात कुठला तरी ज्वालामुखी फुटला आणि आभाळात राख पसरली, सगळी विमानं जमिनीवर. त्याच्याकडं तिथला व्हिसा नव्हता, त्यामुळं विमानतळाबाहेरही पडता येत नव्हतं. खाटा दिल्यात, जेवण देतात, काळजी करू नका. कधी सुटणार ते कुणालाच माहीत नव्हतं.

"राख?" आई म्हणाली. "आभाळात?" मग तिनं झाडूकडे बघितलं आणि मला सगळं कळून चुकलं.

पहिला दिवस मी गप्प राहिले. आमच्या अंगणात कडुनिंब आहे. एप्रिलात तो बारीक पांढरा फुलोरा गाळतो, वर पिवळी पानं, वर दुपारचा गरम वारा. दुसऱ्या दिवशी अंगण दिसेनासं झालं. तिसऱ्या दिवशी घरात चालताना पायाखाली कचकच आवाज यायला लागला. आई मोठा कचरा हातानं वेचायची. ओल्या फडक्यानं पुसायला बंदी नव्हती, म्हणून मी पुसलं, तर धुळीचा चिखल झाला आणि वाळल्यावर त्याचे ओघळ दिसायला लागले. शाळेत मी मुलांवर खेकसत होते. रात्री झोप लागत नव्हती. दर तासाला बातम्या लावायच्या, नकाशावर ती करडी राख बघायची, बंद करायचं, पुन्हा लावायचं. दादाची काळजी होती, नाही असं नाही. पण खरं सांगते, त्याच्यापेक्षा मला माझीच काळजी जास्त वाटत होती. तो कधी ना कधी टोरंटोला पोचणारच होता.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बातमी आली की विमानं हळूहळू सोडतायत. दादाचा फोन लागेना. पाहुण्यांच्या दिवशी सकाळपर्यंतही काही कळलं नाही.

मी आईसमोर उभी राहिले. म्हटलं, आज माझ्या जन्माचा प्रश्न आहे. आई म्हणाली, "मले का कळत नाही?" आणि डोळ्याला पदर लावला. पण जागची हलली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दारामागचा झाडू घेतला आणि म्हटलं, तू नको झाडू, मी झाडते, पाप लागायचं ते मला लागो. तेवढ्यात वडील उठले. मला वाटलं, आता तरी हे माझ्या बाजूनं बोलतील. आयुष्यभर ज्यांनी ह्या झाडूची चेष्टा केली, ते. त्यांनी माझ्या हातातून झाडू काढून घेतला आणि खुर्चीत बसून मांडीवर आडवा ठेवला.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"माहा नाही विश्वास," ते म्हणाले. "पण पहिल्या खेपेस पोचला म्हणून मीच सांगितलं होतं. तवा पोरगा हवेत होता. आता त्याच्या तोंडून ऐकल्याबिगर मी नाही सांगत कोणाले."

चार वर्षं हा माणूस ते मनात घेऊन बसला होता, आणि आम्ही समजत होतो की तो विसरला. मी आत जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि साडी नेसले.

ते दोघं मोटरसायकलवर आले, तो आणि मागं त्याची आई. काटक, सावळी बाई, हातात कापडी पिशवी. तिनं अंगणात पाय ठेवला आणि कडुनिंबाच्या पानांत घोट्यापर्यंत बुडालेल्या पायाकडे बघितलं. आत आली, खुर्चीवर बसण्याआधी हातानं खुर्ची पुसली. तो माझ्याकडे बघत होता, मी फरशीकडे. पोहे झाले, चहा झाला. बाईंनी कपबशी खाली ठेवली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "घर काऊन झाडलं नाही वं बाई? पाहुणे येणार माहीत नव्हतं का?"

मला वाटलं, संपलं. आईनं मात्र सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. तिकीट, दुपारचे तीन, हरवलेली गोधडी, राख, खाटा, आणि पोरानं कुलूप उघडल्याचं स्वतः सांगितल्याशिवाय ह्या घरात झाडू फिरत नाही ते. बाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आन हे शाळेत जाते तवा?"

"हिची शाळा जवळ आहे," आई म्हणाली. "घंटा ऐकू येते इथं. घंटा झाली की झाडतो."

मी आईकडे बघितलं. ती अगदी सहज बोलून गेली होती. इतकी वर्षं मी निघाल्यावर ही बाई रोज शाळेची घंटा ऐकत उभी राहायची, आणि हे मला ती परक्या बाईला सांगत असताना कळत होतं. मला एकदम खूप बोलावंसं वाटलं, पण ते ठिकाण नव्हतं.

"बरं," बाई म्हणाल्या. पिशवी उचलली. "आमी घरी जाऊन कळवतो." जाऊन कळवतो म्हणजे काय असतं, हे मुली दाखवणाऱ्या घरांना सांगावं लागत नाही. तो गाडी सुरू करताना एकदाच मागं वळला. साडेतीनचा सुमार होता.

ते वळणापलीकडं गेले आणि पाव तासात घरचा फोन वाजला. दादा. मधे दुसऱ्याच शहरात विमान बदललं, म्हणून उशीर झाला. इकडं पहाट आहे. आईनं विचारलं, "कुलूप?" पलीकडून तो ओरडला ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "उघडलं! आत आहे मी!" आई रडली, वडील नुसते मान हलवत राहिले आणि खुर्चीमागं ठेवलेला झाडू त्यांनी माझ्यापुढं धरला.

मी तो जवळजवळ हिसकावून घेतला. इतक्या दिवसांचा राग होता माझ्या हातात. पदर खोचला, कोपऱ्यापासून सुरुवात करणार, तर आई म्हणाली, "थांब वं."

"आता काय?"

"ते नाही पोचले अजून."

"ते कोण आपले?" मी ओरडले. "पाहुण्यांना कधी होता तुझा नियम?"

आई पदरानं तोंड पुसत दारात जाऊन बसली आणि रस्त्याकडे बघत राहिली. मी झाडू धरून घराच्या मधोमध उभी होते. तेव्हा मला समजलं की तिनं तिच्यापुरतं ठरवून टाकलंय, आणि आता सगळं तिकडच्यांवर आहे.

पाचला वारा सुटला. आमच्याकडचा एप्रिलातला वारा, धुळीचे लोट, कुठं तरी पत्रा आपटतोय. आमगाववरून सालेकसा, तिथून जंगलातला रस्ता, मोटरसायकलवर म्हातारी बाई. जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. टोरंटोच्या साडेबारा हजारांत हे किती वेळा बसेल, असलं काहीतरी माझ्या डोक्यात फिरत होतं आणि पाय एका जागी ठरत नव्हते. त्याला फोन करावा तर तो गाडीवर. आणि केला तर त्याची आई म्हणेल, पोरीला दम नाही. सहा वाजले. थेंब आले आणि गेले. कडुनिंबानं उरलासुरला फुलोराही अंगणात टाकला. वडील रेडिओ लावून बसले होते, पण आवाज बंद होता. आईनं दिवा लावला. सात वाजून गेले.

फोन वाजला तेव्हा मी उचलला नाही. आईनं उचलला. त्याचा आवाज येईल असं वाटत होतं, पण पलीकडं त्याची आई होती. तिच्या गावात फोनला रेंज नसते, टेकडीवर चढून यावं लागतं, म्हणून ती मोठ्यानं बोलत होती आणि वाऱ्यात शब्द तुटत होते. पण जे बोलली ते घरातल्या तिघांनीही स्पष्ट ऐकलं.

"कुलूप उघडलं म्हणा बाई आमी. झाडून घ्या आता."

आईनं फोन खाली ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाली, "झाड वं माय."